संगणकाचा ताप : वारा की पाणी?

घरात नवा संगणक घ्यावयाचा ठरला म्हणजे पूर्वी प्रश्न दोनच असत : पैसे किती घालावयाचे आणि यंत्र कोणत्या खोलीत ठेवावयाचे. अलीकडे त्यांत तिसऱ्याची भर पडली आहे. दुकानदार सुट्या भागांची यादी लिहिता लिहिता सहज विचारतो, "कूलर कोणता टाकायचा? एअर की लिक्विड?" इंदूर, ग्वाल्हेर किंवा बडोद्याच्या माणसाच्या डोळ्यांपुढे त्या शब्दासरशी उभा राहतो तो खिडकीत बसविलेला, खसाच्या टाट्यांतून ओला वारा फेकणारा पत्र्याचा कूलर. मग साहजिकच त्याला वाटते, की ज्यात पाणी आहे तो अधिक थंडावा देणार. नुसता वारा काय, तो तर छताचा पंखाही देतो! येथेच पहिला गैरसमज होतो, आणि तो पाच-सात हजारांना पडतो.

ही रक्कम ऐकून कोणी हसू नये. ज्या घरांसाठी हे लिहितो आहे त्या घरांत संगणक हे खेळणे राहिलेले नाही. लग्नसमारंभांच्या चित्रफिती जुळवून देणारा धाकटा मुलगा, घरबसल्या इमारतींचे आराखडे काढणारी सून, परगावच्या कंपनीचे काम रात्री करणारी मुलगी, ह्या सर्वांच्या मिळकतीचे ते साधन आहे. साठ-सत्तर हजार, क्वचित लाखभर रुपये, घरातल्या दोघातिघांच्या शिलकेतून जमवून ते आणले जाते. त्यांतले पाच-सात हजार कोठे जातात, आणि चार उन्हाळे काढल्यावर यंत्र धडधाकट राहते की नाही, ह्याला त्या घरात फार अर्थ असतो.

प्रथम हा ताप येतो कोठून ते पाहू. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्यात ट्रान्झिस्टर नावाचे अतिसूक्ष्म खटके असतात, आणि आजच्या प्रोसेसरात त्यांची संख्या अब्जांनी मोजावी लागते. खटका उघडला-मिटला की विद्युद्भाराचा एक इवलासा घोट भरला जातो आणि रिता होतो. प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. दिवा निदान प्रकाश देतो, पंखा वारा देतो. प्रोसेसर मात्र घेतलेली जवळजवळ सगळी वीज उष्णतेच्याच रूपाने परत करतो. इंटेल कंपनीने १९७१ साली काढलेल्या ४००४ ह्या प्रोसेसरात अवघे २,३०० ट्रान्झिस्टर होते. त्याला वारा घालण्याची गरज नव्हती. १९८९ साली आलेल्या ४८६ चे सुरुवातीचे नमुनेही उघड्या डोक्यानेच चालत. १९९३ च्या पेंटियमपासून डोक्यावर धातूची टोपी आणि तिच्यावर पंखा ही नेहमीची गोष्ट झाली. २००४ साली पेंटियम ४ च्या एका पिढीने शंभर वॅटची मर्यादा ओलांडली, आणि त्याच वर्षी इंटेलने टेहास नावाचा पुढचा आराखडा पूर्ण होण्याआधीच गुंडाळून ठेवला. नुसता वेग वाढवीत जाण्याचा मार्ग उष्णतेने अडविला होता. आकडे मात्र पुढेही चढतच गेले. २०२२ साली आलेल्या कोअर आय९-१३९००के ह्या प्रोसेसरावर १२५ वॅट असा आकडा छापलेला असला, तरी पूर्ण जोरात त्याची मर्यादा २५३ वॅटपर्यंत जाते. खोक्यावरचा आकडा हा कमाल आकडा नव्हे, हे ग्राहकाने ध्यानात ठेवलेले बरे.

अडीचशे वॅट म्हणजे तरी काय? कपड्यांची इस्त्री हजार वॅट घेते आणि कोणी तिचे कौतुक करीत नाही. पण इस्त्रीचा तळ दीडशे चौरस सेंटिमीटरांच्या आसपास असतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास सहा-सात वॅट. एएमडी कंपनीच्या रायझन ९ ७९५०एक्स ह्या प्रोसेसरात, जेथे खरे गणित चालते ते सिलिकनचे तुकडे दोन. प्रत्येकाचे क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे. त्या नखाएवढ्या जागेतून ऐंशी-नव्वद वॅट बाहेर पडू पाहतात. हिशेब केला तर ही इस्त्रीच्या जवळजवळ वीसपट दाटी झाली. अडचण उष्णता किती ह्याची तितकी नाही, जितकी ती इतक्या लहान दारातून बाहेर काढावयाची आहे ह्याची आहे.

ह्या दारापासून बाहेरच्या हवेपर्यंत उष्णतेचा जो प्रवास होतो, त्याचे पहिले आणि शेवटचे टप्पे दोन्ही प्रकारांत सारखेच असतात. सिलिकनवर धातूचे झाकण. झाकणावर थर्मल पेस्टचा पातळ थर, कारण दोन धातू कितीही घासूनपुसून एकमेकांवर ठेवले तरी त्यांच्यामध्ये हवेच्या सूक्ष्म फटी राहतात आणि हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक. त्यावर तांब्याचा गुळगुळीत ठोकळा. अगदी शेवटी ॲल्युमिनिअमच्या पातळ पत्र्यांची चळत आणि तीतून वारा ढकलणारा पंखा. फरक काय तो मधल्या वाहतुकीचा : ठोकळ्यापासून पत्र्यांपर्यंत उष्णता कोणी न्यावयाची?

हवेच्या कूलरमध्ये हे काम तांब्याच्या वाकविलेल्या नळ्या करतात. त्यांना हीट पाइप म्हणतात. आणि गंमत अशी, की ह्या नळ्यांत पाणी असते! नळीतली हवा काढून तीत अगदी थोडे पाणी घालून तोंड कायमचे बंद केलेले असते. दाब कमी असल्यामुळे हे पाणी शंभर अंशांच्या पुष्कळ खालीच उकळते. खालच्या तापलेल्या टोकाशी वाफ होते, वाफ वरच्या थंड टोकाकडे धावते, तेथे पत्र्यांना उष्णता देऊन पुन्हा पाणी होते, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, परत मूळ जागी येते. पंप नाही, झडप नाही, झिजणारा एकही भाग नाही. पाण्याची वाफ होताना ते इतकी उष्णता पोटात घेते, की दोनशे वॅट वाहून नेण्यास दर सेकंदाला दशांश ग्रॅमहूनही कमी पाणी पुरते. ह्या कल्पनेचे एक पेटंट अमेरिकेत १९४४ सालीच दिले गेले होते. पण तिला खरे चलन मिळाले ते १९६३ साली लॉस ॲलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर ह्यांनी ती पुन्हा नव्याने सिद्ध केली त्यानंतर. कृत्रिम उपग्रहांतून फिरून आलेली ही नळी आज दोन हजार रुपयांच्या कूलरमध्येही मिळते. मला विचाराल तर साऱ्या संगणकात इतकी निगर्वी आणि इतकी देखणी वस्तू दुसरी नाही.

पाण्याच्या कूलरमध्ये ठोकळ्यावरच एक छोटा पंप बसविलेला असतो. तो द्रवाला दोन रबरी नळ्यांतून रेडिएटरकडे आणि परत असा फिरवीत राहतो. हा द्रव म्हणजे पाणी, त्यात ग्लायकॉल आणि गंज रोखणारी द्रव्ये. सगळी जोडणी कारखान्यातच भरून बंद केलेली असते. पाण्याची उष्णता पेलण्याची शक्ती हवेच्या तुलनेत अचाट आहे. दोनशे वॅट उष्णता दहा अंशांच्या वाढीत वाहून न्यावयाची तर हवा लागते दर सेकंदाला सतरा लिटर, म्हणजे मोठी बादलीभर. पाणी मात्र पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. जाहिरातींतून हा चमचा मोठा करून दाखविला जातो. परंतु तो चमचा रेडिएटरशी पोहोचला की पुढे काय? तेथे त्याला आपली उष्णता पुन्हा हवेलाच द्यावयाची असते, आणि तेथे बादलीचा हिशेब चुकत नाही. पाणी हा केवळ हमाल आहे. ओझे उतरवावयाचे ते वाऱ्याच्याच अंगणात. म्हणूनच पाण्याच्या कूलरचा मोठेपणा पाण्यात नसून रेडिएटरच्या आकारात असतो. १२० मिलिमीटरचा, एका पंख्याचा पाण्याचा कूलर हा चांगल्या हवेच्या कूलरपुढे बहुधा फिकाच पडतो, आणि तो केवळ "लिक्विड" ह्या नावावर विकला जातो. घ्यावयाचाच तर २४० किंवा २८० पासून पुढे विचार करावा.

आता खिडकीतल्या कूलरकडे वळू. तो खोलीला बाहेरच्या हवेपेक्षा थंड करतो, कारण त्यातले पाणी हवेत उडून जाते आणि उडताना हवेतली उष्णता घेते. म्हणून तर त्याची टाकी रोज भरावी लागते. संगणकाच्या कूलरमधले पाणी बंदिस्त असते, ते बाहेर उडत नाही; मोटारीच्या रेडिएटरचाच तो धाकटा भाऊ. त्यामुळे तो प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली एक अंशही नेऊ शकत नाही. हवेचाही नाही, पाण्याचाही नाही. खोलीचे तापमान ही दोघांचीही जमीन आहे, आणि जे काही अंश मिळतात ते त्या जमिनीपासून वर मोजावयाचे.

आपल्या गावांच्या दृष्टीने ह्या एका वाक्यात सगळे आले. ज्या परदेशी परीक्षणांवरून मुले आपली निवड करतात, ती वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत केलेली असतात. ग्वाल्हेरला मे महिन्यात बाहेर चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंश असताना, दुपारी माळ्यावरची खोली छत्तीस-अडतीसवर सहज जाते. मग परीक्षणात ज्या जोडीने प्रोसेसर पंच्याऐंशी अंशांवर ठेवला, तीच जोडी आपल्याकडे अठ्ठ्याण्णवावर जाईल. बेळगावला ही भीती बरीच कमी. पणजीस आकडे तितके चढत नाहीत, पण खारट दमट हवा पत्रे आणि स्क्रू खाते, हा निराळाच त्रास. हैदराबादेत उन्हाळा कडक, तरी रात्री बऱ्याच सुसह्य. ह्या फरकांचा विचार न करता "सगळ्यांत चांगला कोणता" असे विचारणे व्यर्थ होय. आणखी एक : वीज गेली की खोलीतला वातानुकूलक किंवा कूलर बंद पडतो, पण यूपीएसवर वा इन्व्हर्टरवर संगणक चालूच राहतो. त्या तासाभरात खोली जी तापते, तिचा हिशेब कोणत्याच परीक्षणात नसतो.

अठ्ठ्याण्णव अंश ऐकून घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. आधुनिक प्रोसेसर स्वतःच आपले तापमान मोजतो आणि मर्यादा गाठली की आपला वेग कमी करून घेतो. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांत ही मर्यादा शंभर अंशांच्या आसपास असते. वर सांगितलेला ७९५०एक्स तर पूर्ण कामावर मुद्दामच पंच्याण्णवापर्यंत चढतो. एएमडीने त्याची रचनाच तशी केली आहे. त्याच्यावर कितीही मोठा पाण्याचा कूलर ठेवा, तो आकडा फारसा खाली येत नाही. थोडा वेग वाढतो इतकेच. त्याचे कारण मघाच्या नखाएवढ्या दारात आहे : बाहेरचा रस्ता कितीही रुंद केला तरी दार तेवढेच राहते. म्हणून तापमानाचा आकडा हा रोग समजू नये. रोजच्या कामाचा वेग खरोखर घटतो आहे काय, हे पाहावे.

आमच्या पिढीला हा वाद वाहनांवरून चांगला परिचित आहे. मोटारसायकलचे इंजिन उघडे, त्याच्या अंगाला पत्र्यांसारख्या कडा, आणि धावताना लागणारा वारा हाच त्याचा कूलर. बजाजच्या चेतक स्कूटरचे इंजिन पत्र्याखाली झाकलेले. म्हणून त्याच्या चाकावरच पंखा बसवून वारा आत कोंबलेला असे. मोटारीस मात्र पाणी आणि रेडिएटर. चेतकने ह्या देशातल्या किती संसारांचे ओझे पाण्याच्या थेंबाशिवाय ओढले ते वेगळे सांगावयास नको. पण म्हणून ट्रकलाही वाऱ्यावर चालवा, असे कोणी म्हणणार नाही. ओझ्याप्रमाणे साधन बदलते.

ट्रकसारखी ओझी वाहणाऱ्या संगणकांनी पाण्याची आणि इतर द्रवांची वाट फार पूर्वीच धरली. सेमूर क्रे ह्यांचा १९७६ चा क्रे-१ शीतकपाटातल्या फ्रिऑनने थंड ठेवला जाई. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर सगळी मंडलेच वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडविलेली होती. भारताने हवामानाच्या अंदाजासाठी क्रे कंपनीचा महासंगणक मिळविला तो बऱ्याच वाटाघाटींनंतर आणि मागितल्यापेक्षा लहान. त्याच सुमारास, १९८८ साली, पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. त्याच मालिकेतला परम ब्रह्म हा पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ पासून आहे, आणि त्यात पाणी थेट प्रोसेसरच्या डोक्यापर्यंत नेलेले आहे. तेथे शेकडो प्रोसेसर एकाच खोलीत रात्रंदिवस राबतात, आणि पाण्याकडे लक्ष देणारी माणसे नेमलेली असतात. घरातल्या टेबलाखाली अशी माणसे नसतात, हा मुद्दा नजरेआड होतो.

मग घरगुती वापरात पाण्याने पदरात पडते तरी किती? शंभर वॅटच्या आतल्या प्रोसेसरावर चांगला हवेचा कूलर आणि मोठा पाण्याचा कूलर ह्यांत फरक पडतो तो थोड्याच अंशांचा, ज्याने काम अणुमात्र बदलत नाही. दोनशे-अडीचशे वॅट सतत जळू लागले म्हणजे तीन पंख्यांचा ३६० मिलिमीटरचा रेडिएटर खरा पुढे जातो. तेथे दहा-एक अंशांपर्यंतचे अंतर पडू शकते, आणि आपल्या उन्हाळ्यात ते दहा अंश मोलाचे असतात. चित्रपटाच्या चलच्चित्रांचे तासन्‌तास रेखन करणारा, किंवा मोठ्या इमारतीचे हुबेहूब चित्र रात्रभर यंत्राकडून काढून घेणारा माणूस त्यासाठी पैसे मोजत असेल, तर त्यास वेड्यात काढू नये. लहान कॅबिनेट असेल आणि त्यात १५५-१६५ मिलिमीटर उंचीचा मनोरा मावतच नसेल, तेव्हाही पाण्यावाचून गत्यंतर नसते. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा २०१४ चा एनएच-डी१५ हा हवेच्या कूलरांतला नामांकित मल्ल. उंची १६५ मिलिमीटर, आणि पंख्यांसह वजन १.३ किलोच्या वर. एवढे धूड मदरबोर्डला आडवे लटकते. पाण्याच्या कूलरमध्ये हे ओझे कॅबिनेटच्या पोलादी चौकटीवर जाते. आणि दिसतोही तो सुबक, हे नाकारून चालणार नाही; तरुणांच्या निवडीत रंगीत दिव्यांचा वाटा आम्ही वडीलधारे समजतो त्याहून मोठा असतो.

परंतु दोन्ही यंत्रे बिघडतात कशी, हे पाहिल्याशिवाय निवड पुरी होत नाही, आणि माझ्या मते निर्णय येथेच होतो. हवेच्या कूलरमध्ये बिघडण्याजोगा एकच भाग : पंखा. तो एकाएकी मरत नाही. आधी महिना-पंधरा दिवस घरघरतो, कुरकुरतो, घरातल्या साऱ्यांना ऐकवतो. मग पाचशे-हजार रुपयांचा नवा पंखा इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये किंवा सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये घ्यावा आणि तारेच्या दोन चापांनी अडकवून द्यावा. धातूचे अंग तसेच राहते. पुढच्या प्रोसेसरास, आणि बहुधा त्याच्या पुढच्यासही, तेच चालते. फार तर बसविण्याची पट्टी बदलावी लागते.

पाण्याच्या कूलरमध्ये पंखे तर आहेतच, वर पंप आहे. शिवाय रबरी नळीच्या भिंतीतून पाण्याचा अंश वर्षानुवर्षे बाहेर झिरपत असतो. ही गळती नव्हे. रबराचा तो स्वभावच आहे, आणि उष्णतेत तो वाढतो. पाणी कमी झाले की आत हवेची जागा वाढते, ती बुडबुड्यांच्या रूपाने पंपात आली की पंप गुडगुड करू लागतो. ठोकळा तांब्याचा आणि रेडिएटर बहुधा ॲल्युमिनिअमचा. एकाच पाण्यात असे दोन धातू असले की गंजाची प्रक्रिया सुरू होते. ती आतल्या औषधाने रोखून धरलेली असते, पण औषधाचीही मुदत असते. म्हणूनच उत्पादक पाच-सहा वर्षांची हमी देतात आणि बहुतेक नमुन्यांत पुन्हा पाणी भरण्याची सोय ठेवीत नाहीत. मुदत संपली की अख्खी वस्तू टाकून नवी घ्यावयाची.

ग्वाल्हेरच्या माझ्या भाच्याकडे हे पाहिले. चित्रफितींचे काम करतो तो. पाचव्या उन्हाळ्यात, लग्नसराईच्या ऐन गर्दीत, एके दिवशी संगणक सुरू होई आणि दोन मिनिटांत बंद पडे. "मामा, पंखे तर फिरताहेत, मग हा असा का करतो?" म्हणून त्याचा फोन आला. पंखे फिरत होते. पंप थांबला होता, आणि त्याने आधी काही सांगितले नव्हते. दुकानदाराने हात झटकले : ह्याची दुरुस्ती नसते. त्याच नमुन्याचा नवा कूलर यावयास चार दिवस लागले. तोवर दोन गिऱ्हाइके दुसरीकडे गेली आणि घरात सून एक शब्द न बोलता हिशेबाची वही घेऊन बसली. शेवटी त्याने साडेतीन हजारांचा हवेचा दुहेरी मनोरा बसविला. आवाज थोडा वाढला, तापमान तीन-चार अंशांनी वाढले. गिऱ्हाइकांस त्यातले काही कळले नाही.

गळतीची भीती लोक फार बोलून दाखवितात. चांगल्या बनावटीत ती विरळाच असते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तथापि ती मुळीच नसते असेही नाही. ॲपल कंपनीने २००४ साली पॉवर मॅक जी५ च्या सर्वांत वेगवान नमुन्यात द्रवाचे शीतन दिले, आणि पुढच्या काही वर्षांत त्यातल्या कित्येक यंत्रांतून द्रव झिरपून आतले भाग खराब झाल्याच्या तक्रारी निघाल्या. थेंब पडतो तो बहुधा खालच्या ग्राफिक्स कार्डावर, आणि पुष्कळ संगणकांत सर्वांत महाग भाग तोच असतो.

ह्या साऱ्याहून स्वस्त असा एक उपाय आहे, जो दुकानदार सांगत नाही, कारण त्यात विकण्यासारखे काही नाही. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या पटीत वाढते, आणि विद्युद्दाबाच्या वर्गाच्या पटीत. वेग दहा टक्क्यांनी खाली आणला आणि त्यासरशी दाबही दहा टक्क्यांनी उतरविता आला, तर वीज दहा टक्क्यांनी नव्हे, सुमारे सत्तावीस टक्क्यांनी घटते. कारखान्यातून आलेला प्रोसेसर स्पर्धेच्या आकड्यांसाठी बहुधा ह्या चढाच्या अगदी टोकावर उभा केलेला असतो. शेवटच्या थोड्याशा वेगासाठी तो भरमसाट वीज खातो. बायॉसमध्ये जाऊन विजेची मर्यादा कमी करून ठेवता येते. एएमडीच्या प्रोसेसरांत ईको मोड ह्या नावाने ही सोय तयारच असते. चित्रफीत तयार होण्यास दहा मिनिटांऐवजी अकरा मिनिटे लागतील. पण खोली कमी तापेल. दोनशे वॅटचा प्रोसेसर म्हणजे खोलीत जुन्या पद्धतीचे शंभराचे दोन दिवे अखंड लावून ठेवण्यासारखे आहे, मग त्याच्या डोक्यावर वारा असो की पाणी. खोलीला दोन्ही सारखेच. आणि काही दुखणी कूलरच्या हातची नसतातच. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर अस्थिर होत गेले, त्याचे कारण २०२४ साली कंपनीनेच मान्य केले : प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षा अधिक विद्युद्दाब मागत होता. त्यावर इलाज निघाला तो आज्ञावलीत दुरुस्ती करून आणि हमीची मुदत वाढवून. कूलर बदलून तो सुटणारा नव्हता.

तेव्हा माझे मत विचारणाऱ्यास मी असे सांगतो. हिशेब, लेखन, मुलांचा अभ्यास ह्यांसाठी पासष्ट वॅटच्या प्रोसेसराबरोबर खोक्यात जो कूलर येतो तोच पुरे. उन्हाळा कडक असेल तर दीड-दोन हजारांचा एकेरी मनोरा. चित्रफिती, आराखडे, खेळ ह्यांसाठी तीन ते पाच हजारांचा दुहेरी मनोरा, विजेची मर्यादा बेताची, आणि पुढे मागे हवा खेळणारे कॅबिनेट. त्या वरचे पैसे उरले तर ते चांगल्या एसएमपीएसमध्ये आणि यूपीएसमध्ये घालावेत. आपल्याकडची वीज ज्या पद्धतीने जाते-येते, तीवर यंत्राचे आयुष्य अंश-दोन अंशांहून अधिक अवलंबून आहे. पाण्याचा मोठा कूलर आठ हजारांपासून सुरू होतो आणि वीस हजारांच्या पुढेही जातो. ज्याचे यंत्र दिवसाचे आठ-दहा तास पूर्ण जोरात चालते आणि पाच वर्षांनी तेवढेच पैसे पुन्हा काढण्याची ज्याची तयारी आहे, त्याने तो खुशाल घ्यावा. बसविताना मात्र पंप हा साऱ्या जोडणीतला सर्वांत उंच भाग होणार नाही इकडे लक्ष द्यावे; रेडिएटरचा काही भाग त्याच्या वर असावा, म्हणजे हवा तेथे जमते आणि पंप कोरडा पडत नाही.

धुळीच्या बाबतीत दोघेही समान दोषी. चैत्र-वैशाखातल्या वाऱ्यांनी माळव्यात आणि ग्वाल्हेरकडे जी बारीक माती घरात येते, ती पत्र्यांच्या फटींत नमद्यासारखी बसते आणि दहा हजारांचा कूलर हजाराच्या कूलरइतका निकामी करते. दर दोन-तीन महिन्यांनी कॅबिनेट उघडून हाताच्या ब्लोअरने ती उडवावी. वारा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून त्याचे बेअरिंग जाते. संगणक खिडकीतल्या कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. त्याबरोबर येणारे खारट पाण्याचे तुषार सुकले की पांढरे डाग मागे ठेवतात. थर्मल पेस्ट तीन-चार वर्षांनी पुसून नवी लावावी, वाटाण्याएवढी. अधिक लावल्याने अधिक थंड होत नाही.

आणि मुलगा पुढच्या शिक्षणासाठी पुण्यास निघाला व संगणक बसच्या पोटात जाणार असेल, तर आदल्या दिवशी तो किलोभराचा मनोरा उतरवून, जुन्या सुती साडीत गुंडाळून, हातातल्या पिशवीत घ्यावा. रस्त्यावरच्या खड्ड्यांनी तो मदरबोर्डला हिसके देतो. काढण्यापूर्वी दहा मिनिटे संगणक चालू ठेवावा, म्हणजे पेस्ट मऊ होते. मग संगणक बंद करून व प्लग काढून कूलर सरळ वर न ओढता किंचित पिळून सोडवावा, नाहीतर काही प्रोसेसर त्याला चिकटून खाचेतून उपटून येतात आणि त्यांच्या पिना वाकतात. पेस्टची नवी नळी बरोबर द्यावयास विसरू नये.